गळालेले केस परत येतात, रक्ताकडे मात्र बघा

 

आज बोलायचं आहे बाळंतपणानंतर गळणाऱ्या केसांबद्दल. लेकरू तीन महिन्यांचं झालं की पहिलटकरणीला एक धास्ती बसते. फणी फिरवली की मूठभर केस हातात, न्हाणीत केसांचा गुंता, उशीवर केस, पिठाच्या परातीत केस. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं अंगावर पाजल्यानं गळतात, तर कुणी म्हणतं लेकरू आईकडं बघून हसायला लागलं की तिचे केस जातात. हसण्याचा आणि केस गळण्याचा सुमार एकच असतो, एवढं खरं. पण कारण वेगळं आहे.

आपला प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. त्यामुळं एरवीही रोज पन्नास ते शंभर केस गळतात, आपल्याला कळतही नाही. पोटात बाळ असताना शरीरातले संप्रेरक, म्हणजे हार्मोन्स, वाढतात आणि गळायचे केस डोक्यावरच थांबतात. म्हणून सातव्या महिन्यात वेणी कशी भरदार दिसते! बाळंतपण झालं की संप्रेरक खाली येतात आणि थांबलेले सगळे केस एकदम विसाव्याला जातात. एकदम पेरलेलं पीक एकदम काढणीला येतं ना, तसं ते दोन ते चार महिन्यांनी एकदम गळतात. केसाचं मूळ शाबूत असतं. सहा महिन्यांपासून वर्षभरात बहुतेकींचे केस पुन्हा भरतात. कपाळाशी बारीक, उभे राहणारे केस दिसले की समजायचं, नवे उगवले.

म्हणून अंगावरचं दूध तोडू नका. दूध पाजल्यानं केस जात नाहीत, आणि पहिले सहा महिने लेकराला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही लागत नाही. डोक्याचा चकोट केल्यानंही केस दाट येत नाहीत. तेल लावल्यानं केस मऊ राहतात, त्यांचं गळणं थांबत नाही. खूप ओढून अंबाडा बांधू नका, मोठ्या दातांच्या फणीनं हलक्या हातानं विंचरा.

केस गळतील या भीतीनं विंचरणंच सोडलं, तर मात्र गुंता होतो. सव्वा महिन्यात न्हाणं-विंचरणं राहून गेलं की गुंत्याची जट होते आणि कुणीतरी ती देवीची म्हणून वाढवायला सांगतं. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, दुसरं काही नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांच्या जटा कापल्या. त्यांची मान हलकी झाली, वाईट काही झालं नाही.

दुकानातून आपल्या मनानं केसांच्या गोळ्याही आणू नका. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांना चार दिवसांत टक्कल पडलं होतं. त्यांच्या रक्तात सेलेनियम जास्त असल्याचं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सांगितलं. हे सेलेनियम शरीराला थोडंसंच लागतं, जास्त झालं की त्यानंच केस जातात. ते केसांच्या बऱ्याच गोळ्यांत असतं. म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी नको.

आता मुख्य गोष्ट. केस परत येतील, पण अंगात रक्त कमी असलं तर गळणं लांबतं आणि बाईचा जीवही थकून जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटात वीस जणी असाल, तर दहा-अकरा जणी. त्यात बाळंतपणात रक्त जातं आणि वरून पथ्य. पालेभाजी नको, डाळ नको, फळ नको, पाणी कमी पी. बाळंतिणीनं खायचं कधी?

आजी-सासूबाईंनी दिलेली अळिवाची खीर चांगलीच आहे, अळिवात भरपूर लोह असतं. तिच्या जोडीला रोज भाकरी, घट्ट वरण, मेथी, शेवग्याचा पाला, तीळ, मटकी, चालत असेल तर अंडं. जेवणावर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासभर थांबून घ्या.

सरकारी लाल गोळी, म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिडची, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक घ्यायची असते. बऱ्याच जणी बाळ झालं की ती बंद करतात. शौच काळी होते म्हणून घाबरू नका. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

लेकराला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस द्यायला तुम्ही जाताच. साडेतीन महिन्यांची लस आणि केसगळतीचा जोर एकाच सुमाराला येतो. त्या दिवशी सिस्टरला म्हणा, “माझंही हिमोग्लोबिन बघा.” बारापेक्षा कमी असलं तर रक्त कमी आहे. आठच्या खाली असलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

गोल चकत्या पडल्या, वर्ष उलटूनही गळणं थांबलं नाही, चार पावलांत धाप लागते, गळ्याला सूज आहे, थंडी सोसवत नाही, तर डॉक्टरांकडं जा. थायरॉईडही तपासावं लागतं. सारखं रडू येत असेल, लेकराकडं बघावंसं वाटत नसेल, तर तेही सांगा. १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

एक सावधगिरी लेकरासाठी. आईचा गळालेला केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि आवळतो. लेकरू कशानंच थांबत नसेल, तर मोजे काढून हातापायाची बोटं बघा. मुलगा असेल तर शूची जागाही बघा. केस रुतून बोट सुजलं असेल, तर लगेच दवाखाना.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वर्षाच्या आतलं लेकरू असलेल्या प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा. लाल गोळी चालू आहे का? रक्त तपासलं का? आज काय जेवलीस? उत्तर नाही आलं, तर आशाताईला बोलवा. नमस्कार.