विजेत्याची वाणी आणि श्रद्धेची मर्यादा



एप्रिल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा विख्यात रग्बीपटू इस्राएल फोलाऊ याने समाजमाध्यमावर एक फलक प्रसिद्ध केला. मद्यपी, समलैंगिक, व्यभिचारी, असत्य बोलणारे, चोर, नास्तिक आणि मूर्तिपूजक या सर्वांची नरक वाट पाहत आहे, त्यांनी पश्चात्ताप करावा, येशूच त्यांना तारील, असा त्याचा आशय होता. देशाकडून ७३ कसोटी सामने खेळलेल्या या खेळाडूविरुद्ध काहूर उठले. मे महिन्यात तेथील रग्बी मंडळाने त्याचा करार रद्द केला. प्रकरण न्यायालयाच्या दारी गेले आणि डिसेंबरमध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. सारी चर्चा समलैंगिकांच्या उल्लेखाभोवती फिरली. त्याच यादीतील ‘मूर्तिपूजक’ हा शब्द वादाच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. वास्तविक त्या एका शब्दात कोट्यवधी हिंदू सामावतात. देवघरात समई लावणारी आजी, गणेशचतुर्थीला पाटावर मूर्ती आणणारे कुटुंब, पंढरीच्या वाटेवरचा वारकरी, हे सर्व या खेळाडूच्या मते नरकाचे धनी ठरले.

या उदाहरणापासून आरंभ करण्याचे कारण असे की, क्रीडाक्षेत्रातील विजेत्यांनी वादग्रस्त धार्मिक मते जाहीरपणे मांडावीत की नाहीत, हा प्रश्न एरवी दुसऱ्याच्या घरचा वाटतो. येथे तो आपल्या उंबरठ्याशी येतो. घाव आपल्यावर पडलेला असताना जो विचार टिकतो, तोच विचार खरा.

मौनाचा सल्ला का पटत नाही?

‘खेळाडूने खेळावे, इतर विषयांत तोंड घालू नये,’ असे अनेक सुज्ञ लोक म्हणतात. हा सल्ला वरकरणी शहाणपणाचा दिसतो, पण तो टिकत नाही. शीतपेये, दाढीचे साबण आणि मोटारी विकण्यासाठी विजेत्याने तोंड उघडावे, आणि ज्या श्रद्धेने त्याला पहाटे उठून सराव करण्याचे बळ दिले तिच्याविषयी मात्र मौन पाळावे, हा न्याय विचित्र आहे. माणसाचा बाजारपेठेशी असलेला संबंध जाहीर आणि परमेश्वराशी असलेला संबंध लज्जास्पद, अशी ही वाटणी पाश्चात्त्य भोगवादाला शोभेल. भारतीय मनाला ती मान्य होण्याचे कारण नाही. आपल्या आखाड्यात हनुमंताला वंदन केल्यावाचून पैलवान तांबड्या मातीत उतरत नाही.

क्रीडेच्या इतिहासात ज्यांची श्रद्धा आदरणीय ठरली, त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल याने १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने त्या शर्यतीतून माघार घेतली. रविवार हा त्याच्या दृष्टीने ईश्वराचा वार होता. पुढे तो ४०० मीटर शर्यतीत उतरला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. त्याने इतर धावपटूंना पापी ठरवले नाही, केवळ स्वतः धावला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाच्या गणवेशावर मद्यकंपनीचे चिन्ह असताना हशिम अमला याने आपल्या गणवेशावर ते येऊ दिले नाही. मात्र ते वापरणाऱ्या सहकाऱ्यांना त्याने प्रवचन दिले नाही. दोघांचे पंथ भिन्न, परंतु रीत एकच. व्रत स्वतःचे आणि त्याची किंमतही स्वतःच मोजायची.

अलीचे दोन चेहरे

मुष्टियोद्धा मुहम्मद अली याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये सनी लिस्टनला पराभूत करून जगज्जेता झाल्यावर लगेच त्याने ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेशी आपले नाते जाहीर केले आणि कॅशियस क्ले हे नाव टाकले. श्वेतवर्णीय म्हणजे सैतान, अशी त्या संघटनेची शिकवण होती आणि अलीही तिचा उच्चार करीत असे. एप्रिल १९६७ मध्ये धर्मश्रद्धेचे कारण देऊन त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याचे विजेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि उमेदीची तीन वर्षांहून अधिक वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

राष्ट्राच्या हाकेला नकार देणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात आणि राष्ट्रनिष्ठ मनाला ते खटकणे स्वाभाविक आहे. तरीही हे मान्य करावे लागते की, तो पळून गेला नाही, शिक्षेस सामोरा गेला. १९७५ मध्ये त्याने ती द्वेषमूलक शिकवण सोडून सर्वसाधारण सुन्नी मताचा स्वीकार केला आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्याच्याच कंप पावणाऱ्या हाताने प्रज्वलित झाली. त्या क्षणी जगाने आदर केला तो त्याने सोसलेल्या हानीचा. दुसऱ्या वर्णाला सैतान ठरवणारी वाक्ये कोणाच्याही आदराचा विषय झाली नाहीत.

कर्मसिद्धान्ताचा बळी

आता एक उदाहरण आपल्या तत्त्वज्ञानाशी निगडित आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. इंग्लंडचे नामांकित फुटबॉलपटू आणि १९९६ पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक असलेले ग्लेन हॉडल यांची मुलाखत ३० जानेवारी १९९९ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाली. पुनर्जन्म आणि कर्म यांवरील आपला विश्वास सांगताना, अपंगत्व हे मागील जन्मीच्या कर्माचे फळ असते, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून आले. इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही दूरचित्रवाणीवर प्रतिकूल मत व्यक्त केले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे हॉडल यांचे म्हणणे होते. तथापि २ फेब्रुवारीला त्यांना पदावरून जावे लागले.

पुनर्जन्म मानणारा माणूस ख्रिस्ती देशात बळी गेला, असे म्हणून हळहळणे सोपे आहे. त्यात तथ्यांश नाही असेही नाही, कारण त्या गदारोळात पूर्वेकडील एका प्राचीन विचाराची टवाळीही झाली. परंतु हॉडल यांच्या उद्गारांचे समर्थन हिंदू विचाराच्या आधारे करता येते का? मुळीच नाही. कर्मसिद्धान्त हा माणसाने स्वतःकडे पाहण्याचा आरसा आहे. माझ्या दुःखाचे उत्तरदायित्व मी स्वीकारावे आणि पुरुषार्थाने पुढे जावे, हा त्याचा गाभा. दुसऱ्याच्या देहाकडे बोट दाखवून त्याच्या गतजन्मीचा निवाडा करण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिलेला नाही. दुसऱ्याचे दुःख दिसले की तेथे कर्माचा हिशेब न मांडता सेवेचा धर्म पाळायचा असतो.

सांगली जिल्ह्यात जन्मलेले मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र या ठिकाणी आठवावे. हा सैनिक १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळ्यांनी जायबंदी झाला. चालणे गेले, पण जिद्द गेली नाही. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये राष्ट्राने त्यांना पद्मश्री दिली. मातृभूमीसाठी झेललेल्या त्या गोळ्यांना गतजन्मीचे पाप म्हणण्याची हिंमत कोण करील? अर्धवट समजलेला सिद्धान्त प्रतिष्ठित माणसाच्या मुखातून बाहेर पडला, की तो सिद्धान्तालाच कलंक लावतो. हॉडल यांनी कर्मविचाराचे जेवढे नुकसान केले, तेवढे त्याच्या टीकाकारांना अनेक वर्षांत जमले नसते.

मैदानाचा नियम आणि आपली कसोटी

मैदानाची गोष्ट वेगळी आहे. तेथे विजेता एकटा नसतो, राष्ट्राचा गणवेश त्याच्या अंगावर असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद गणवेशावर आणि साहित्यावर राजकीय, धार्मिक अथवा वांशिक संदेशास मनाई करते. २०१४ मध्ये इंग्लंडच्या मोईन अलीला गाझाविषयीचे मनगटपट्टे काढावे लागले. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंह धोनी याच्या हातमोज्यांवरील ‘बलिदान’ चिन्हास आक्षेप घेण्यात आला. २०२३ मध्ये उस्मान ख्वाजाला बुटांवरील संदेश झाकावा लागला. धोनीच्या वेळी अनेक भारतीयांना वाईट वाटले. ते चिन्ह आपल्या शूर सैनिकांचे होते, वाईट वाटणारच. पण तो नियम धोनीसाठी वाकवला असता, तर ख्वाजासाठी ताठ ठेवता आला नसता.

खरी कसोटी येथेच आहे. दक्षिण आफ्रिकेचा केशव महाराज ‘जय श्रीराम’ म्हणतो, जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेनिमित्त शुभेच्छा देतो, तेव्हा आपले ऊर भरून येते. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज हिने बलाढ्य ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून भारताला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेले आणि अश्रू आवरत प्रथम येशूचे आभार मानले. ते काहींना रुचले नाही. ते का रुचू नये? तिने कोणाच्या देवाला हिणवले नाही, कोणाला धर्म बदलण्यास सांगितले नाही. भारतासाठी झुंजलेल्या मुलीने आपल्या श्रद्धास्थानी मस्तक टेकवले, एवढेच घडले. महाराजच्या उद्गाराला टाळी आणि तिच्या उद्गाराला कपाळावर आठी, अशी दोन मापे ठेवणारा समाज फोलाऊला उत्तर देण्याचा नैतिक अधिकार गमावून बसतो. १८९३ मध्ये शिकागोच्या व्यासपीठावरून स्वामी विवेकानंदांनी केवळ सहिष्णुतेचा नव्हे, तर सर्व उपासनामार्गांच्या स्वीकाराचा गौरव केला. तो वारसा सांगणाऱ्यांचे मन येथे कोते असून चालणार नाही.

उत्तर कसे द्यावे?

तेव्हा विजेत्याने बोलावे का? अवश्य बोलावे. कृतज्ञता, व्रत, साधना यांविषयी मोकळेपणाने बोलावे. ज्या मतामुळे दुसऱ्याची मान खाली जाते ते उच्चारण्याचा अधिकार कायदा त्याला देऊ शकतो, विवेक देत नाही. श्रेष्ठ जन जसे वागतात तसे इतर लोक वागतात, हे गीतेने तिसऱ्या अध्यायात बजावले आहे. ज्याच्या फटक्याची नक्कल गल्लीतील मुले करतात, त्याच्या तिरस्काराचीही नक्कल ती करणार, याचे भान विजेत्याला हवे. केलेल्या कराराचा भंग झाला तर मंडळाने कारवाई करावी. पण श्रद्धेच्या उच्चारामुळे कोणाची उपजीविका हिरावली गेली, म्हणून आनंद मानणे आपल्या परंपरेला शोभत नाही. आज त्याचे ओठ शिवणारा दोरा उद्या आपल्या ओठांकडे वळण्यास वेळ लागत नाही.

आणि फोलाऊच्या यादीतील ‘मूर्तिपूजक’ या शब्दाचे काय? त्याचे उत्तर बहिष्काराने दिले जाणार नाही. मूर्तीपुढे हात जोडणारा हिंदू दगडाला शरण जात नसतो, चराचरात असलेल्या चैतन्याला डोळ्यांपुढे आणत असतो. दहा दिवस पूजलेली मूर्ती आपण स्वतःच्या हातांनी पाण्यात विसर्जित करतो, हे ज्याला समजेल त्याला मूर्तिपूजेचे मर्म समजेल. परदेशी शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला हे चार वाक्यांत, न चिडता आणि न संकोचता सांगता आले पाहिजे. ते शिकवण्याचे काम क्रीडा मंडळांचे नाही. ते प्रत्येक घराचे आणि प्रत्येक कार्यकर्त्याचे आहे.