रक्ताचा अहवाल आणि त्यानंतरचे काम
(वार्षिक सर्वसाधारण सभा, चिखलोली : प्रशासकांचे भाषण)



मी वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. हृदयरोगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. तथापि गतवर्षीचा एक प्रसंग आपणांसमोर ठेवणे मी कर्तव्य समजतो.

परिसरातील कारखान्यात काम करणारे एक सडपातळ गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झाले. "हे तर अगदी बारीक आहेत हो," असे त्यांच्या पत्नी पुन्हापुन्हा सांगत होत्या. जुने कागद पाहता आढळले, की आपल्याच शिबिरात त्यांचे रक्त तपासले होते. साखर आणि एलडीएल कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले होते. अहवाल न्यायला कोणी आले नाही, आणि आम्हीही कळविले नाही. गृहस्थ वाचले, चूक मात्र आमच्या खिडकीवरची होती.

सडपातळपणावर विसंबणे आपल्याकडे महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! अशा लपलेल्या चरबीसोबत येणारा साखरेचा व स्निग्धांशाचा बिघाड रक्तच सांगते.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत 'लिपोप्रोटीन ए' ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी, असे म्हटले आहे. हे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते, त्यामुळे तो खर्च वारंवार नको. कोलेस्टेरॉलच्या प्राथमिक तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची अटही त्यांनी शिथिल केली. रात्रपाळीच्या कामगारांची ही मोठीच सोय आहे.

अर्थात अहवाल म्हणजे भविष्य नव्हे. वय, रक्तदाब, तंबाखू हे सारे जमेस धरूनच डॉक्टर धोक्याचा अंदाज बांधतात. आकडा चांगला आला म्हणून तंबाखूची पुडी निर्धास्तपणे खिशात ठेवणारेही भेटतात, त्यांना काय म्हणावे!

काही देणगीदारांनी प्रयोगशाळेसाठी नवे यंत्र देऊ केले आहे. आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु यंत्राआधी एका परिचारिकेचे वर्षाचे वेतन मिळावे, अशी माझी विनंती आहे. शिबिरातील प्रत्येक अहवाल घरी पोहोचला का, डॉक्टरांची भेट झाली का, सांगितल्या वेळी रक्त पुन्हा तपासले का, याची नोंदवही तिने ठेवावी. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, वेतनावर लागत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही तो ठराव आज सभेपुढे ठेवीत आहे.