नाव गिरवणारा लेखक



लेखकाला मोठा पुरस्कार मिळाला की त्याच्यावरचं आपलं बोलणं बहुधा सत्काराच्या हारापाशी थांबतं. मला आज त्या हारानंतरच्या १८ वर्षांबद्दल बोलायचं आहे. लेखक इजिप्तचे, नगीब महफूज.

१३ ऑक्टोबर १९८८ ची दुपार. कैरोत, नाईलकाठच्या घरी महफूज जेवून आडवे झाले होते. पत्नीनं उठवून सांगितलं, तुम्हाला नोबेल मिळालं. त्यांना ती थट्टाच वाटली. थोड्या वेळानं दारावरची घंटी वाजली. घरच्याच कपड्यांत बसलेल्या महफूजना वाटलं, आलेला उंच माणूस पत्रकार असेल. ते स्वीडनचे राजदूत आहेत हे कळलं, तेव्हा ते कपडे बदलायला आत गेले.

अरबी भाषेला मिळालेलं ते पहिलं नोबेल. महफूज तेव्हा ७६ वर्षांचे होते. ते स्टॉकहोमला गेले नाहीत. पारितोषिक त्यांच्या दोन मुलींनी स्वीकारलं आणि भाषण लेखक मुहम्मद सलमावी यांनी वाचलं. इजिप्तबाहेर जाणं या माणसाला फारसं मानवलंच नाही. १९३४ ते १९७१ अशी ३७ वर्षं त्यांनी सरकारी नोकरी केली आणि ती सांभाळून कैरोच्या गल्ल्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीमुळे उन्हाळ्यात लिहिता येत नसे; म्हणून लेखनाचे महिनेसुद्धा ठरलेले. सकाळी पायी निघायचं, ठरलेल्या कॅफेत कॉफी घ्यायची, वर्तमानपत्रं वाचायची. लोक याला कारकुनी शिस्त म्हणत. ही शिस्त आपण लक्षात ठेवू या. पुढे तीच उपयोगी पडणार आहे.

नोबेल आलं आणि त्याबरोबर एक जुनं प्रकरणही वर आलं. १९५९ मध्ये 'अल-अहराम' दैनिकात त्यांची 'औलाद हारतना', म्हणजे 'आमच्या गल्लीतली पोरं', ही कादंबरी क्रमशः छापून आली होती. एका गल्लीच्या गोष्टीत त्यांनी पैगंबरांच्या कथा गुंफल्या होत्या. धर्मपंडित संतापले. अल-अजहर या धर्मपीठाच्या संमतीशिवाय ती इजिप्तमध्ये पुस्तकरूपानं काढणार नाही, असा शब्द महफूजनी दिला. १९६७ मध्ये ती बैरुतहून आली, मायदेशात नाही. १९८९ मध्ये कादंबरीकार सलमान रश्दींविरुद्ध इराणचे धर्मनेते खोमेनी यांचा फतवा निघाला. महफूजनी त्याचा निषेध केला, आणि मग त्यांनाही धमक्या आल्या. पोलिसांनी संरक्षण देऊ केलं. ते त्यांनी नाकारलं.

१४ ऑक्टोबर १९९४, शुक्रवार. नोबेलला सहा वर्षं आणि एक दिवस झाला होता. मित्रांच्या साप्ताहिक बैठकीला जायला ते घराखाली एका स्नेह्याच्या गाडीत बसले. एक तरुण खिडकीजवळ आला. कुणी चाहता भेटायला आला, असं महफूजना वाटलं. त्यानं मानेत सुरा खुपसला. पोलिसांचं इस्पितळ अगदी जवळ होतं, म्हणून जीव वाचला. हल्लेखोरानं ती कादंबरी वाचलेलीच नव्हती. हे आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

त्याच महिन्यात कैरोच्या एका वृत्तपत्रानं ती संपूर्ण कादंबरी छापून टाकली. हेतू पाठिंब्याचा. पण महफूजना ते आवडलं नाही. दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. अनेकांना हा भित्रेपणा वाटला. मला तसं वाटत नाही. जो माणूस पहारेकरी नको म्हणतो, त्याला भित्रा कसं म्हणायचं?

सुऱ्यानं उजव्या हाताच्या नसा दुखावल्या. ८२ वर्षांच्या या लेखकाला पुन्हा अक्षरं गिरवायची वेळ आली. व्यायाम म्हणून ते वहीत लिहीत: स्वतःचं नाव, मुलींची नावं, पुन्हा स्वतःचं नाव. अक्षर वाकडं, ओळ खाली घसरलेली. ज्या हातानं कैरोच्या तीन पिढ्यांची दीड हजार पानांची कथा लिहिली, तो हात 'नगीब' हा शब्द सरळ रेषेत बसवायला धडपडत होता. आणि हा माणूस रोज लिहायला बसत होता, जणू कचेरीची वेळ झाली आहे.

त्यांची शेवटची कादंबरी नोबेलच्याच वर्षातली. नंतर कादंबरी आली नाही, म्हणून त्यांचा उत्तरकाळ कोरडा मानणारे आहेत. पण हल्ल्याआधीच ते फार आखूड लिहू लागले होते. 'आत्मचरित्राचे प्रतिध्वनी' हे छोटे तुकडे तेव्हाचेच. तेव्हा सुऱ्यानं त्यांना संक्षेप शिकवला असं मी म्हणणार नाही. सुऱ्याला काही शिकवण्याचा मान मी देणार नाही. हल्ल्यानंतर आली ती 'दुखण्यातून उठतानाची स्वप्नं': क्रमांक घातलेली, काही तर चार-सहा ओळींची. मेलेले मित्र, जुनी घरं, हरवलेल्या वाटा, आणि ऐन रंगात तुटणारी गोष्ट. हात थकला तेव्हा ते मजकूर सांगू लागले. दृष्टी गेलेले आपले वि. स. खांडेकरही, १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं त्या काळात, सांगत आणि लेखनिक उतरून घेई. महफूजांचे डोळे अधू होतेच, शिवाय ऐकूही कमी येई. मित्र कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलत. म्हणून ते प्रत्येक स्वप्न मनात पुरतं घडवत, पाठ करत आणि मगच सांगत. 'अल-अहराम'मधलं साप्ताहिक सदर सलमावींशी गप्पांच्या रूपात चालू राहिलं. मित्रांच्या बैठकाही चालू राहिल्या, फक्त जागा बदलल्या.

३० ऑगस्ट २००६ रोजी ते गेले. सरकारनं लष्करी इतमामात अंत्ययात्रा काढली. पण त्याआधी पार्थिव हुसैन मशिदीत नेलं होतं. जमालिया, जिथे १९११ मध्ये ते जन्मले, ती वस्ती तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. त्या वर्षाच्या अखेरीस 'आमच्या गल्लीतली पोरं' कैरोच्या दुकानांत पहिल्यांदा राजरोस विकायला आली.