शाळेच्या ताटात गावची भाजी



बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, सोयाबीन, तूर व कपाशीची शेते शाळेच्या कुंपणापर्यंत येऊन भिडलेली असतात. तथापि ज्या मजुराच्या हातून ही शेते निंदली जातात, त्याच्या मुलाच्या ताटात ताजी भाजी रोज असतेच असे नाही. आठवडी बाजारातून आणलेली भाजी दोन दिवसांत संपते. नगदी पिकाच्या शेतात भाजीचा वाफा उरला नाही आणि भाजी विकत घेण्यास हाती पैसा नाही, अशी ही दुहेरी अडचण आहे.

तिच्यावरील उपायाचे एक साधन शाळेपाशी आहे. मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले, आणि २०२१ पासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीच्या मुलास अनुक्रमे १५०, ३० व ७५ ग्रॅम, असे तिचे प्रमाण आहे.

यांपैकी धान्य व डाळ साठविता येतात. भाजीचे तसे नाही. म्हणून बटाटा टिकतो एवढ्याच कारणाने खिचडीत तोच वारंवार पडू लागतो आणि पालेभाजी मागे राहते. आता हिशेब पाहावा. प्राथमिक वर्गांत ६० मुले असतील, तर रोज ३ किलो भाजी लागते. महिन्याचे २४ दिवस धरल्यास ती ७२ किलो होते. एवढी मागणी निश्चित आहे असे कळल्यास अल्पभूधारक शेतकरी किंवा महिला बचत गट विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत वांगी, पालक, मेथी लावण्यास धजावेल. ही निश्चिती गावाला शिक्षकच देऊ शकतो.

यास्तव भाजीची खरेदी गावपातळीवर होत असेल तेथे शिक्षकाने तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, भाजी फुकट मागू नये. दान एक दिवस मिळते, रास्त भावाची खरेदी वर्षभर टिकते. दुसरी, वजन काट्यावर करावे, त्याची नोंद ठेवावी आणि पैसे वेळेवर द्यावेत; लहान शेतकऱ्यास उधारी सोसत नाही. तिसरी, कपाशीच्या ओळीत लावलेली भेंडी, अंबाडी किंवा चवळी घेण्यापूर्वी त्या शेतात फवारणी झाली आहे काय, याची चौकशी करावी. फवारणी झाली असल्यास ती भाजी घेऊ नये.

घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्याने उन्हाळी भाजी कठीण जाते. तेथे पावसाळ्यातील गवार व चवळीच्या शेंगा वाळवून ठेवाव्यात. जेथे पाणी गोडे आहे तेथे मुलांच्या हात धुण्याच्या जागेखाली परसबागेचा पाट काढावा आणि कुंपणालगत शेवगा लावावा. त्याचा पालाही खाण्याजोगा व पोषक असतो. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीरास अधिक मिळते, हेही स्वयंपाक करणाऱ्या बाईंना समजावून सांगावे. बागेचे काम मात्र मुलांच्या अध्ययनाचा वेळ खाणारे नसावे. वाफ्याचे क्षेत्रफळ, बियांची मोजदाद, उगवणीची नोंद असा तो पाठच व्हावा.

मजुराचे मूल दुपारी पंगतीत बसते तेव्हा त्याच्या पानातील भाजी ही कोणी केलेली कृपा नव्हे. तो त्याचा हक्क आहे. ती भाजी त्याच्याच गावच्या मातीतून आली, तर मुलास अन्न आणि शेजारच्या शेतकऱ्यास दाम, ही दोन्ही कामे एकाच खरेदीने साधतात. चालू आठवड्यातच प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेस रोज किती भाजी लागते याचा आकडा काढावा आणि तो शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत गावापुढे मांडावा.