विक्रमशिलेचा डॉल्फिन

बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१ पासून डॉल्फिनचं अभयारण्य आहे. जवळजवळ दृष्टिहीन असा हा प्राणी प्रतिध्वनीवर मासे शोधतो; म्हणून बोटींचा गोंगाट त्याला फार जाचतो. जाळ्यांत अडकला, की श्वासासाठी वर येता न आल्यानं गुदमरतो.

अभयारण्याचं नाव विक्रमशिला, जवळच्या प्राचीन बौद्ध महाविहारावरून. तिथले आचार्य अतिश मूळचे आजच्या बांगलादेशातले. अकराव्या शतकात ते तिबेटला गेले, तिथंच वारले. १९७८ मध्ये चीननं त्यांचे अवशेष ढाक्याला सोपवले. केवढा मोठा सद्भाव हा!

गंगेचा डॉल्फिन बांगलादेशात आणि नेपाळातही आहे. बुद्धाचा वारसा मिरवणाऱ्या या शेजाऱ्यांनी त्याची गणना आता एकत्र करावी, असं मनापासून वाटतं.