दुखण्यानंतरची वाट



गेल्या वर्षी दुखण्याने माझी शाळेतील नोकरी सुटली. अंथरुणावर पडल्यापडल्या स्वामी रामानंद तीर्थ आठवत. ते आधी ना. म. जोशींबरोबर कामगारांचे काम करीत. प्रकृती ढासळल्यावर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, १९३५ साली आपल्या गावी. १९३८ साली तेही सोडून निजामाच्या तुरुंगात गेले. ते कुठे, मी कुठे! पण मीही उठले. आधी अंगण, मग योगेश्वरीचे देऊळ. मुकुंदराजांच्या समाधीची उतरण अजून भिववते. आता मंडळाच्या शिवणवर्गाचा हिशेब लिहिते, बायकांना सही शिकविते. फळा सुटल्याचे दुःख आहेच, ते लपवीत नाही. देवळापर्यंत सोबत कुणी येणार असेल, तर रोज साडेपाचला मी दाराशी उभी असते.