खत रानभर सारखे का टाकता?

(नाशिक रोड येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण नाशिक रोडला जमलो आहोत. इथे नोटा छापायचा कारखाना आहे. आपल्याला काही नोटा छापता येत नाहीत. खताच्या दोन-चार गोण्या वाचवता येतात का, एवढे मात्र पाहता येते. आज त्याबद्दलच बोलायचे आहे. कोणी म्हणेल, भावाचे आधी बोला. भावाचेच बोलणार आहे, पण सुरुवात रानातून करतो.

माझे रान नांदगाव तालुक्यात. चार एकर, कोरडवाहू. वरचा दीड एकर मुरमाड, वीतभर खोदले की मुरूम लागतो. मधला एकरभर मध्यम. खालचा नाल्याकडचा दीड एकर काळाभोर, कंबरभर खोल. सातबाऱ्यावर मात्र हे सगळे एकच रान. खत टाकताना आम्हीही सातबाऱ्यासारखेच वागायचो. एकरी एक गोणी डीएपी म्हणजे चारही एकरांत एकेक गोणी. पाऊस वीस दिवस ओढला की वरची ज्वारी करपायची आणि तिथल्या गोणीचे पैसे त्या वर्षी काही परत यायचे नाहीत. ज्या वर्षी भावाची धास्ती, त्या वर्षी हात आखडून सगळीकडे अर्धी गोणी. म्हणजे धास्तीच्या वर्षीसुद्धा पाऊण गोणी मुरमातच. आई म्हणायची, "वर कशाला ओततोस रे? तिथं काय पिकतं ते मी निंदताना बघते ना!" आईचे कोण ऐकतो?

तिचे म्हणणे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कागदावर मांडलेले आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारीला हलक्या जमिनीत हेक्टरी 25 किलो नत्र आणि स्फुरद मुळीच नाही. मध्यम जमिनीत 40 नत्र, 20 स्फुरद. भारी जमिनीत 60 नत्र, 30 स्फुरद. आता माझ्या रानाचा हिशेब करा. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद असते. काळ्या दीड एकराला 18 किलो हवे, मधल्या एकराला 8 किलो, मुरमाला शून्य. एकूण 26 किलो, म्हणजे सव्वा गोणीच्या आत. मी टाकत होतो चार! गोणी 1350 रुपयांची. दुकानदार सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतो, तिचे पैसे वेगळे. कपाशीवाल्यांनी हे आकडे तिला लावू नयेत, तिची शिफारस निराळी आहे. पण मुरूम तो मुरूमच.

अमेरिकेत मक्याच्या रानात ट्रॅक्टरवर संगणक असतो. उपग्रहावरून जागा कळते आणि जागा बदलली की खताची मात्रा आपोआप बदलते. ऐकून आपण तोंडात बोट घालतो. अहो, पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणारी आपली बाई हेच करत आली आहे. रान पालटले की तिची मूठ सैल होते, आवळते. ती मूठ बियाण्याला चालते, तर खताला का नको?

मग आपण सारखे का टाकतो? एक कारण आपली सवय. दुसरे कारण दिल्लीत आहे. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचे नियंत्रण उठवले आणि त्याच वेळी युरिया 10 टक्क्यांनी स्वस्त केला. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्याच्या बाहेरच ठेवला. आज 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. इतक्या स्वस्त वस्तूला हात कोण आखडणार? पीक हिरवेगार दिसले की आपणही खूश. मृद आरोग्य पत्रिका 2015 मध्ये आली, चांगली गोष्ट. पण कोरडवाहूत 10 हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना, असे तिचे मूळ माप. 10 हेक्टर म्हणजे 25 एकर. त्यात माझा मुरूम कुठला आणि शेजाऱ्याची काळी कुठली? पत्रिका माझ्या नावाची, माती कदाचित त्याची.

आता भावाकडे येतो. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये. तो हातात पडला तर डीएपीच्या एका गोणीचे पैसे फिटायला साधारण 37 किलो जादा ज्वारी पिकली पाहिजे. व्यापाऱ्याने 2500 ने मागितली तर तीच गोणी फिटायला 54 किलो लागते. काळ्या रानात ती येईलही. मधल्या पट्ट्यात शंका. मुरमात दोन्ही भावांनी नाही. म्हणजे भाव पडला की खत परवडण्याची हद्द रानात खाली सरकते. आपले दुखणे हे की पेरताना ती हद्द कुठे आहे हेच कळत नाही. कपाशीचे पाहा. 2025 मध्ये जूनमध्ये पेरणी झाली, खत मातीत गेले. ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. मातीत गेलेले खत काय परत काढून आणायचे? अमेरिकेतल्या शेतकऱ्यालाही भावाची चिंता आहे, पण त्याच्यामागे भाव पडल्यावर भरपाई देणारा, सरकारी मदतीचा विमा आहे.

आणखी एक गोम आहे. हमीभाव खर्चाच्या दीडपट, असे 2018 च्या अर्थसंकल्पात सांगितले. त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरत नाहीत, ते असो. पण उद्या आपण सगळ्यांनी खत वाचवून क्विंटलमागे 100 रुपये खर्च कमी केला, तर सूत्राप्रमाणे हमीभाव 150 ने खाली यायचा. बचत करणारा शेतकरी, नफा दुसऱ्याचा. म्हणून खत वाचवा असे सांगणारे साहेब गावात आले की त्यांना विचारा, वाचलेले पैसे कोणाकडे राहणार?

तरी मी वाचवतो. उधारीवरची गोणी मुरमात घालण्यात शहाणपण नाही.

येत्या हंगामात एवढे करा. रानाचा कच्चा नकाशा काढा. निंदणाऱ्या बायांना घेऊन फिरा, कुठे पीक मार खाते ते त्यांना ठाऊक असते. प्रत्येक तुकड्यात फावड्याने खोली पाहा. तुकड्यातुकड्याची माती वेगळी काढा, नागमोडी आठ-दहा ठिकाणांहून, वीतभर खोलीची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची घेऊ नका. नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत प्रयोगशाळेत द्या. कपाशीचा युरियाचा दुसरा हप्ता ओल असेल तरच द्या. आणि प्रत्येक तुकड्यात चार ओळी बिनखताच्या ठेवा, खुंटी ठोकून. काढणीला त्या चार आणि शेजारच्या चार ओळींचे धान्य वेगळे मोजा, कडबाही मोजा.

पुढच्या बैठकीला ते वजनाचे कागद घेऊन या. माझा मी आणतोच.